एक कान पुस्तकाक

आमच्या वाचनालयात वाचायला न येणारे एकच सभासद होते. वर्गणी वेळेवर, हजेरी रोजची, दुपारी चार ते सहा. पुस्तक मात्र एकही नेत नसत. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि डाव्या कानात इअरफोनचा बोंडा घालून ऐकत राहायचे. नवीन माणूस आला की मला हळूच विचारी, "मॅडम, हे इथे झोपायला येतात का?" त्यावर घाडीकाका डोळे न उघडता सांगत, "झोपूक नाय, रोमाक इलंय. आता गाव जळता हा, मधी बोलू नको."

त्यांचा उजवा कान सगळ्यांसाठी उघडा असायचा.

जामसंड्याहून एसटीने अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथल्या वाचनालयाची मी गेली बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तकाला कव्हर घालणं, वाळवीशी भांडणं आणि पानं दुमडणाऱ्यांना सुनावणं हे माझं काम, त्यामुळे ऐकायच्या पुस्तकांवर माझा पहिल्यापासून राग. वाचायचे कष्ट नकोत म्हणून काढलेली ही पळवाट, असं मी काकांच्या तोंडावर बोलले होते. ते रागावले नाहीत. "खरा हा तुजा. म्हणानच मी वाचलंय असा कधी म्हणनय नाय. आयकलंय म्हणतंय," एवढंच म्हणाले. आणि तो नेम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. न वाचलेल्या पुस्तकांवर तासभर बोलणारे विद्वान मी याच वाचनालयाच्या व्याख्यानांना पाहिले आहेत. त्यामुळे काकांच्या त्या "आयकलंय"ची किंमत मला हळूहळू कळायला लागली.

याची सुरुवात मोतीबिंदूपासून झाली. सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस आधी माझ्याकडून महिन्याला दोन ऐतिहासिक कादंबऱ्या न्यायचा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी डोळ्यांना विश्रांती सांगितली. पुण्याला नर्स असलेल्या त्यांच्या मुलीने, माधवीने, बापाच्या फोनवर ऐकायची पुस्तकं घालून दिली, म्हातारा घरात चिडचिड करू नये म्हणून. डोळे बरे झाले, पण काका परत कागदाकडे वळले नाहीत. कारण त्यांना एक मोठा शोध लागला होता. पुस्तक ऐकताना हात मोकळे राहतात.

हात मोकळे राहणं त्यांना गरजेचं होतं. तात्या परबांच्या हापूसच्या बागेत ते राखणीला असत. माघापासून आंबा उतरेपर्यंत वांदरांच्या मागे धावायचं, गलोल मारायची, डबा बडवायचा. पहिल्या वर्षी दोन्ही कानांत बोंडे घालून ते कुठल्याशा सम्राटाच्या मोहिमेवर गेले आणि त्यांच्या डोक्यावरच्या कलमावर वांदरांनी निवांत पंगत मांडली. तात्या आले तेव्हा काका झाडाला टेकून "अरेरे, वेढो पडलो!" म्हणत होते. तात्या म्हणाले, "पडलो खरो. वर बघ."

तेव्हापासून काकांचा कायदा झाला, "एक कान पुस्तकाक, एक कान वांदराक." पुढे त्यांनी माधवीकडून छोटा स्पीकर मागवून झाडाला टांगला. तोफा आणि घोडदौड ऐकून तीन दिवस वांदर फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते स्पीकरच्याच फांदीवर बसले. "आयकतत गो बाय," काका मला कौतुकाने सांगत होते, "पण लढाई संपली काय उठान जातत. तहाची कलमां आयकूक रवनत नाय. माणसांसारखीच."

ऐकण्याचं त्यांचं वेळापत्रक होतं. सकाळी इतिहास, दुपारी विज्ञान, आणि रंगात आलेलं असेल तर तेच पुढे वाचनालयातही. तत्त्वज्ञान फक्त चहा झाल्यावर, माझ्या वाचनालयात. "जेवल्यार आयकला तर झोप येता, आणि उपाशी आयकला तर रडूक येता." परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. मग ते त्या थोर मंडळींना गावच्या रीतीने टोपणनावं ठेवत. विषाचा प्याला घेणारा तो विषवालो, झाडावरून पडलेल्या फळावर विचार करत बसणारा तो सफरचंदवालो, सूर्याभोवती पृथ्वी फिरते म्हणून म्हातारपणी घरात कोंडला गेलेला तो दुर्बीणवालो. दुर्बीणवाल्यावर त्यांचा भारी जीव. "बिचाऱ्याक वाळीत टाकल्यानी गो," असं ते मागच्याच वाडीतली गोष्ट असल्यासारखं सांगत.

आणि त्यांना प्रश्न पडत. बागेत कागद-पेन्सिल कुठली? मग खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारायची. एक प्रश्न, एक गाठ. चार वाजता येऊन ते माझ्या टेबलावर पंचा पसरत आणि गाठी चाचपत. "ही चंद्राची. चंद्र आमका एकच तोंड कित्याक दाखयता? ही बुद्धाची. आणि ही... ही खंयची गो?" ती तिसरी गाठ कसली ते आठवेपर्यंत सोडायची नाही हाही नेम. एक गाठ अकरा दिवस राहिली होती. त्यांच्या बायकोने, सुमनकाकींनी, तो पंचा धुवायला घेतला तर घरात महाभारत झालं.

त्या गाठींनी मला कामाला लावलं हे कबूल केलं पाहिजे. काकांना उत्तर द्यायचं म्हणून मी कपाटातली कोणी न उघडलेली विज्ञानाची पुस्तकं वाचली. बावीस वर्षं मी पुस्तकं सांभाळली, वाचायला लागले ती या न वाचणाऱ्या माणसामुळे. हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "मगे वर्गणी तू भर."

आता त्यांच्या दुसऱ्या अंगाबद्दल. काकांच्या घराण्याकडे देवळातलं गाऱ्हाणं होतं. देव रवळनाथासमोर उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं, मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेल्या माणसांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. बापानंतर मुलगा असं ते चालत आलेलं. एरवी हळू बोलणारे काका गाऱ्हाण्याला उभे राहिले की आवाज नाभीतून यायचा. ज्याचं मागणं असेल त्याच्या अंगावर काटा यायचा. आपलं दुःख आपल्याला इतकं नीट सांगता आलं नसतं असं त्याला वाटायचं.

एका वर्षी कार्तिकातल्या जत्रेला पालखी निघण्याआधी काका उभे राहिले. मुंबईचे चाकरमानी आले होते, देऊळ भरलं होतं. लेकुरवाळ्यांना सुखी ठेव, दर्यावर गेलेल्यांना सांभाळ, आंब्याचा मोहर टिकव, सगळं रीतसर झालं. "व्हय म्हाराजा"चा ठेका बसला होता. आणि काकांचा आवाज चढला.

"आणि बा म्हाराजा, ही जी काय पृथ्वी सूर्याभोवती फिरता हा, ती तशीच फिरती ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव सवयीने गरजलं.

"जो काय उजेड त्या दूरच्या ताऱ्यापासून निघालो हा आणि आजून आमच्यापर्यंत येवक नाय, तेका वाट दाखव रे म्हाराजा!"

आता निम्मेच "व्हय" म्हणाले. उरलेले एकमेकांकडे बघायला लागले, मग एक चाकरमानी फसकन हसला आणि हसू पसरत गेलं. कोणीतरी मोबाइल वर धरला. मला तर त्या क्षणी ते मागणं फार आवडलं होतं, पण हसू मलाही आलं, खोटं कशाला बोलू.

तात्या परब हसले नाहीत. ते देवस्थानचे मानकरी. दुसऱ्या दिवशी सभामंडपात बैठक बसली. तात्या म्हणाले, "गाऱ्हाणा म्हणजे काय शाळा वाटली तुका? देवाक भूगोल शिकवतंस?"

"शिकवूक नाय तात्यानू," काका म्हणाले. "माका बरा वाटला ता तेच्या कानार घातला."

"लोक हसले. देवळात, देवासमोर हसले."

पुढचं गाऱ्हाणं त्यांचा चुलतभाऊ शंकर घालेल असं ठरलं. पिढ्यान् पिढ्यांचा मान एका संध्याकाळी दुसऱ्या घरात गेला. काकांनी मान डोलावली आणि चपला घालून निघाले.

मी चिडले होते. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले तेव्हा मी तात्यांचा यथेच्छ उद्धार केला. काका ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "तात्यान बंद केल्यान ता बरा झाला गो बाय. माका आता सांगूक जमना नाय."

"म्हणजे?"

मग त्यांनी पंच्याची एक घट्ट गाठ दाखवली. दोन महिन्यांपूर्वीची. कुठल्याशा जुन्या ग्रीक विचारवंताबद्दल ऐकताना पडलेली. त्याचं म्हणणं, देव असले तरी ते आपल्या मौजेत असतात, माणसांच्या भानगडीत पडत नाहीत, कोणाचं काही ऐकत नाहीत.

"पयली हसण्यावारी नेलंय," काका म्हणाले. "पण जत्रेक उभो रवलंय आणि मनात इला, समोर कोण आयकता काय? म्हणान माका खरी वाटतत ती दोन मागणी घातलंय. पृथ्वी फिरता ता खरा. उजेड निघालो हा ता खरा. बाकीचा माका म्हायत नाय. समोर कोण नसताना बोलता तो एक तर येडो, नायतर खोटारडो. आणि गाव माज्या पाठसून व्हय म्हणता. तेंका मी फसवू काय?"

आमच्या वाचनालयातली तत्त्वज्ञानाची सगळी पुस्तकं मी तोवर चाळली होती, पण तो विचार असा कोणाच्या पंच्यात गाठ होऊन बसलेला पाहिला नव्हता.

त्यानंतरचे चार महिने वाईट गेले. काका ऐकत होते, पण प्रश्न विचारत नव्हते. एकदा सुमनकाकी बाजारात भेटल्या. "आधी माजा आयकनत नाय होते," त्या म्हणाल्या, "आता देवाकय सांगनत नाय. मुको बावलो बसवन ठेवलंय घरात." म्हणून हसल्या, आणि पदराने डोळे पुसले. देवळासमोरून जायचं टाळून काका आता खालच्या पाणंदीने जातात हेही त्यांनीच सांगितलं.

फाल्गुनात तात्यांच्या बायकोला, शालिनीकाकींना, हृदयाचं दुखणं निघालं. गोव्याला ऑपरेशन ठरलं. शंकरने देवळात गाऱ्हाणं घातलं, पण त्याला ते तोंडपाठ येत नव्हतं. त्याने कागदावर लिहून आणलं होतं आणि माइकवर शुद्ध मराठीत वाचलं, "सदर भगिनींची शस्त्रक्रिया यशस्वीरीत्या पार पडावी ही नम्र विनंती." ग्रामपंचायतीची नोटीस वाचल्यासारखं ते वाटलं. "व्हय" नेमकं कुठे म्हणायचं हेच लोकांना कळेना.

दुसऱ्या दिवशी तात्या काकांच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभे राहिले. हे मला सुमनकाकींनी सांगितलं. बागेचा मालक, मानकरी, पण टोपी हातात.

"माजी चूक झाली असा म्हण होया तर," तात्या म्हणाले. "पण उद्या सकाळी सात वाजता तिका घेवन जातंव. माका तुजा गाऱ्हाणा होया."

"तात्यानू, इचार करूक थोडो वेळ द्या."

"कसलो इचार? चार शब्द तर सांगूचे."

"तेच तर," काका म्हणाले. "चार शब्द."

त्या दुपारी चार वाजता काका आले तेव्हा त्यांच्या एकाही कानात काही नव्हतं. त्यांचं सगळं सांगून झाल्यावर मी वैतागून म्हणाले, "घाला ना काका! खरा काय, खोटा काय, त्या बाईक धीर येयत."

"डाक्टरान खोटी गोळी दिली तर चालात तुका?" त्यांनी विचारलं.

मग खुर्चीत बसले, सवयीने बोंडा कानात घातला, डोळे मिटले. मी नोंदवहीत डोकं घातलं. अर्ध्या तासाने त्यांचा आवाज आला.

"गो बाय, हो जो वाचता हा, तो खंय बसान वाचता?"

"मुंबईत नायतर पुण्यात. बंद खोली असता. काचेची."

"समोर कोण असता?"

"कोण नाय. माइक."

"तेका मी म्हायत आसंय? हय आमच्या गावात, या खुर्चेर बसान आयकतंय म्हणान?"

"कसो म्हायत असतलो, काका?"

"तरी वाचता," काका म्हणाले. "आणि कसो वाचता! मधी थांबता, माका समाजला काय नाय म्हणान वाट बघता असो. जसो काय माज्याच कानात सांगता. तेका येडो म्हणशीत तू?"

"नाय."

"खोटारडो?"

"नाय, काका."

काकांनी पंचा मांडीवर घेतला आणि ती जुनी गाठ सोडायला लागले. सहा महिन्यांची गाठ, घामाने आवळलेली, शेवटी दातांनी सोडली. उठले आणि गेले. फोन खुर्चीवरच राहिला होता. पुस्तक चालूच होतं.

सकाळी साडेसहाला मी देवळात गेले. दहा-बारा माणसं होती. शालिनीकाकींना गाडीतच बसवलं होतं, दार उघडं ठेवून. काका रवळनाथासमोर उभे राहिले. हात जोडले आणि आवाज आला तो तोच, नाभीतून.

"बा देवा म्हाराजा, तू आयकतंस काय नाय, माका म्हायत नाय. पण मी सांगतंय रे म्हाराजा!"

तात्यांनी मान वर केली. मग तात्याच म्हणाले, "व्हय म्हाराजा." मागून सगळे.

"आज ही जी काय तुजी लेक शालन गोव्याक जाता हा, तिच्या वांगडा, तिच्या सोबतीक ऱ्हव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो काय डाक्टर हा, तेका रात्री बरी झोप लागलेली असांदे, तेचो हात थरथरू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या जा काय काळीज हा, मुठीएवढा, दिसाक लाख येळा उडता, साठ वर्सां कोणी सांगूक नसताना उडता, ता असाच उडत ठेव रे म्हाराजा!"

विज्ञान शिरलंच होतं. पण या वेळी कोणी हसलं नाही. सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" तात्या म्हणाले, आणि म्हणता म्हणता रडले. गाडीत शालिनीकाकी छातीवर हात ठेवून बसल्या होत्या.

त्या बऱ्या होऊन आल्या. काकांना कोणी श्रेय द्यायला गेलं की ते हात झटकत. "डाक्टराचो हात बरो होतो." गाऱ्हाणं परत त्यांच्याकडे आलं. शंकरनेच आणून दिलं, सुटल्यासारखा. पुढच्या जत्रेत गाव वाटच पाहत होतं, यंदा काका आकाशातून काय आणतात म्हणून.

एक बदल मात्र झाला. पुस्तकाचा भाग संपला की खुर्चीतून काकांचा हळू आवाज यायचा, "व्हय म्हाराजा." पहिल्यांदा मी दचकले. विचारलं, "कोणाक म्हणतास?"

"ह्या वाचणाऱ्याक. इतको सांगता बिचारो, तेका कोणी व्हय म्हणूक नको?"

"तेका आयकाक येना नाय, काका."

"माका तरी खंय म्हायत होता देवाक आयकाक येता काय ता? म्हणूचा आपण."

गेल्या वर्षी ज्येष्ठात काका गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. त्याच्या आठवडाभर आधीची संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. सहा वाजून गेले होते, मी खिडक्या लावत होते. ते उठेनात. विश्वाच्या उत्पत्तीचं कुठलं तरी पुस्तक शेवटाला आलं होतं. मी चाव्या वाजवल्या, त्यांनी डोळे न उघडता हात वर करून थांब म्हटलं. मी थांबले. मग त्यांनी बोंडा काढला, म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि माझ्याकडे बघून हसले.

"तू पण म्हण गो बाय. एकट्याचा व्हय पुरना नाय. गाऱ्हाण्याक दोघां तरी होयी."

मला लाज वाटली. रिकामं वाचनालय, गप्प झालेला फोन, आणि मी पन्नाशीला आलेली बाई. "चला काका, उशीर झालो," म्हटलं आणि टेबलावर कुलूप शोधायला लागले. ते पंचा खांद्यावर टाकून पायऱ्या उतरले. पंच्याला एक गाठ होती. ती कसली ते उद्या विचारू म्हटलं.

तो पंचा सुमनकाकींनी न धुता ठेवला आहे.

खिडकीजवळची खुर्ची मी हलवलेली नाही. तिथे बसून मी हे सगळं लिहिलं, समोर कोणी नसताना. काका, त्या संध्याकाळचं माझं राहिलं होतं. व्हय म्हाराजा.